पाठीचा अंदाज

— बस गं, बस. ते पाय परत दाराकडे कशाला वळवतेस? मला तुझं तोंड दिसत नाही — या टेबलाला डोक्याशी भोक असतं ना, त्यात चेहरा घालून पालथं पडायचं, मग दिसते ती फरशी आणि फरशीवर येतील-जातील ते पाय — पण पायांवरून माणूस कळतो बरं का. तुझी बोटं बघ कशी आवळून धरलीयेस. घाबरलीयेस. सगळेच घाबरतात, त्यात लाजायचं काय? दुसऱ्या टेबलावर टेक जरा, आणि माझ्या पाठीकडे बघ निवांत. चांगल्या मूठभर सुया आहेत ना? बघायला कसं वाटतं ते मी नाही सांगू शकत, माझी पाठ मी कुठे पाहिलीय, पण आतून कसं वाटतं ते सांगते — आधी मुंगी चावल्यासारखं, मग जरा जड, आणि मग छान हलकं. बस, एवढंच. अगं-तुगं केलं तर चालेल ना? माझ्या धाकटीच्या वयाची असशील. पायांवरून म्हणतेय.

आत्ता गेला ना तो, सुया टोचून — तो माझा मुलगा. सांगितलं नसेल त्यानं. नाहीच सांगत तो आधी, नंतर सांगतो, म्हणजे माणूस चकित होतो. आमची इथली रीतच आहे ही. नवीन कुणी आलं की आधी मी आडवी होते, आणि तो मला टोचतो, त्या माणसाच्या देखत — आणि डोळे मिटून. पाहिलंस ना? हां. तिथेच सगळे गार होतात. मग तो पलीकडच्या खोलीत जातो, गुडघ्यावाल्यांकडे, आणि नवा माणूस इथे माझ्याजवळ बसतो थोडा वेळ, बघतो, की ही म्हातारी मजेत पडलीय, गप्पा मारतेय, मग आपल्याला काय होणार आहे. मग तो परत येतो, मला विचारतो, "आई, कसं वाटतंय?" मी म्हणते, "छान हलकं." की तो माणूस आपणहून शर्टाची बटणं काढायला लागतो. हातच्या काकणाला आरसा कशाला? बाहेर भिंतीवर ते ॲक्युपंक्चरचं प्रमाणपत्र टांगलंय ना, सोनेरी कडेचं, ते कुणी वाचत नाही. मला बघतात. सगळा दवाखाना माझ्या पाठीवर चाललाय म्हण ना.

विचार की, काय विचारायचंय ते विचार. दुखतं का — सांगितलं. सुया एकदाच वापरतात का — हो बाई, एकदाच, पाकीट तुझ्यासमोर फोडेल तो, आणि नाही फोडलं तर खुशाल म्हण की माझ्यासमोर फोडा, लाजायचं नाही. कुठेकुठे धुऊन परत वापरतात म्हणे, त्यातून कावीळ होते, काय काय होतं, इथे तसलं काही नाही. खाऊन आलीस ना? उपाशीपोटी घ्यायच्या नाहीत. आमच्याकडे एक रखवालदार आला होता, हा एवढा दांडगा, दारातून तिरका होऊन आत आला — सकाळपासून पोटात काही नाही, आणि पहिल्या सुईलाच जो आडवा झाला, त्याला उचलायला गुडघ्यावाले दोघे आणि माझी सून. रक्त पातळ करायची गोळी घेतेस का? ती चालू असेल तर सांगायचं. दिवस राहिलेत का? हसू नको, विचारावं लागतं, काही जागा तेव्हा टाळायच्या असतात. आणि जाताना सुया मोजायच्या. आपण मोजायच्या, त्याच्यावर सोडायचं नाही. मी एकदा डोक्यात सुई तशीच घेऊन दुकानात गेले होते — दुकानदार माझ्याकडे बघतोय, बघतोय, मला वाटलं या वयात काय आवडलं याला — थांब. थांब हं. ठसका लागला. पालथं पडून बोललं की लागतो कधीकधी.

काय म्हणालीस? कोण, शिंपी? कुणी सांगितलं तुला — बाहेर कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेली, पिशवी मांडीवर घेतलेली, तीच ना? तिला जळीस्थळी शिंपीच दिसतो. स्वतः मात्र दर आठवड्याला येते, मानेत टोचून घेते आणि बाहेर बसून लोकांना भेडसावते. सांगते की, लपवायचं काय त्यात. होता एक शिंपी. काडीसारखा माणूस, मशीनवर वाकून वाकून खांदा धरलेला. यानं त्याच्या खांद्यावर, वरच्या बाजूला, मानेच्या नि खांद्याच्या मधे दिल्या सुया. इथून हसत गेला. इथे बसला होता, तू बसलीयेस तिथेच, मला म्हणाला, मावशी, किती दिवसांनी हात वर गेला बघा. संध्याकाळी त्याला श्वास घेता येईना. मोठ्या दवाखान्यात नेला, तर म्हणे छातीत हवा शिरलीय, फुप्फुसाच्या बाहेर, आणि फुप्फुस आक्रसलंय. बरगडीत नळी घातली. वाचला ना पण. ठणठणीत आहे आता, कपडे शिवतो. आणि सुईनंच झालं कशावरून? बिड्या ओढायचा तो. उंच, बारीक, बिड्या ओढणाऱ्या माणसाला आपोआपही होतं असं, तिथलेच डॉक्टर म्हणाले. म्हणजे — दोन्ही म्हणाले. सुईनंही होतं म्हणाले. खांद्याखाली तिथे फुप्फुस अगदी जवळ असतं, बारीक माणसाला सुई जरा खोल गेली तर टोक लागतं. पण आपोआपही होतं म्हणाले. आम्ही ते धरलं. तूही तुझ्या घरच्या माणसाबद्दल तेच धरलं असतंस.

मी भेटायला गेले होते त्याला. फळं घेऊन. शिव्या देईल असं वाटलं होतं, तर बिचाऱ्यानं उलट उशी सरकवून मला बसायला जागा केली. नुसतं कसं झालं ते सांगत होता. म्हणाला, मावशी, आधी काहीच नव्हतं, जरा चावल्यासारखं झालं, मग कोरडा खोकला, मग श्वास आत घेतला की खांद्यापर्यंत कळ, जसा काही कुणी आतून चिमटा धरलाय. मी म्हटलं, असं मला कधी होत नाही. तो म्हणाला, तुम्हाला नाही होणार हो. आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून हसला. तेव्हा मी ही अशी होते ना — दोन माणसांची.

नाही, काही नाही. उजवीकडची एक सुई जरा बोलतेय आज. बोलतात कधीकधी.

त्याचा हात वाईट नाही गं. आईच ती, ती म्हणणारच, पण खरंच नाही. घड्याळं दुरुस्त करायचा तो आधी. डोळ्याला ती भिंगाची वाटी लावून, केसाएवढे स्क्रू चिमट्यानं उचलायचा, आणि मी शिंकले तरी त्याचा हात हलायचा नाही. मग लोकांनी घड्याळं दुरुस्त करणंच सोडलं — बिघडलं की टाकतात. दुकान बंद केलं त्यानं, आणि बसून राहिला. भिंतीकडे तोंड करून. जेवायला वाढलं की जेवायचा, नाही वाढलं तर मागायचा नाही. आपला धडधाकट मुलगा असा बसलेला बघितलायस कधी? न बघो देव. तर कुणीतरी सांगितलं या सुयांच्या शिक्षणाचं, थोडे महिने, संध्याकाळचे वर्ग, आणि मीच ढकलला त्याला. घरी सराव करायचा होता. त्यांचे सर म्हणाले उशीवर करा. मी म्हटलं, उशी काय सांगणार आहे तुला, दुखलं की नाही ते? ये, माझी पाठ घे. रोज पडायचे मी पालथी, हा टोचायचा, मी सांगायचे — इथे लागलं, इथे नाही, इथे अजून जाऊ दे, इथे बास. किती दाबलं की कुठपर्यंत जाते, सगळं त्याच्या बोटांत माझ्या पाठीवरून बसलं. सगळा अंदाज. म्हणून तर डोळे मिटून टोचतो. दुसऱ्या कुणावर नाही मिटत हं, तेवढी अक्कल आहे त्याला. फक्त माझ्यावर. आईची पाठ आहे, म्हणतो, झोपेतही चुकणार नाही. आणि उभा राहिला ना तो यावर. जेवण मागून घेतो आता.

थांब. जरा थांब, श्वास घेऊ दे.

हे बोलतेय मी फार. सून म्हणते, आई, तुम्ही गिऱ्हाइकाशी कमी बोला. बाहेर टेबलामागे बसलेली ती, नावं लिहून घेणारी, ती माझी सून. तोंडानं फटकळ आहे. मागच्या थंडीत मी आजारी पडले, ताप उतरेचना, अन्न जाईना, आणि उठले तेव्हा माझ्या गाऊनमधे आणखी एक बाई मावली असती. लोक ओळखेनात मला. दात तेवढे तेच राहिले. बरी झाले तशी परत आले इथे, या टेबलावर. तेव्हा ही म्हणाली — त्याला म्हणाली, मला नाही, पण मला ऐकू जाईल अशी — आईंना नका आता झोपवू तिथे, त्यांच्या पाठीला काही उरलंय का. मला इतका राग आला. मला वाटलं, घरात तर बाजूला सारलंच, आता हिला मी इथेही नकोय. स्वयंपाक तिनं घेतला, किल्ल्या तिनं घेतल्या, देणं-घेणं तिचं, तेही ठीक आहे, माझं वय झालं — पण ही एक जागा माझी होती. इथे मला कुणी बाजूला सर म्हणत नाही. इथे पडून राहिलं तरी मी उपयोगाची. मी तिला म्हटलं, माझी पाठ, माझा मुलगा, तू मधे पडू नकोस. पोरगी बोलली होती ते चांगल्यासाठीच, आणि मी तिला तोडून टाकलं. आपलेच दात, आपलेच ओठ, कुणाला दाखवणार.

मी का सांगतेय तुला हे सगळं?

तू उभी राहिलीस. बस गं. नाही, घाम पालथं पडल्यामुळे येतो — मानेवर दिसतोय का? बराच? आणि ओठ काय? तुला कसे दिसले ओठ — अगं, खाली काय बसलीस फरशीवर, कपडे खराब होतील. बरं. बघ. हा माझा चेहरा. निळे असतील, थंडी आहे खोलीत. नाहीये का थंडी?

आधी काहीच नव्हतं. जरा चावल्यासारखं झालं. मग खोकला. आता श्वास आत घेतला की — इथे, खांद्यात — हे, हे असं. आतून कुणी धरलंय. म्हणजे तो म्हणाला तसंच. तंतोतंत तसंच गं. त्याच्या बोटांना ठाऊक आहे ती माझी आधीची पाठ. गादीसारखी. ती बाई आता इथे नाहीच, आणि तो तिलाच टोचतोय. डोळे मिटून. मी रोज म्हणतेय छान हलकं.

ओरडू नको. नको बोलावूस त्याला, ऐक माझं आधी. बाहेर किती माणसं बसलीयेत, आलीस तेव्हा पाहिलीस ना? ती पिशवीवालीही आहे. एक किंकाळी गेली ना त्या दारातून, की उद्या इथे कुत्रं फिरकणार नाही. झाकली मूठ आहे गं ही. शिंप्याचं निभावलं. आईचं कसं निभावेल? लोक काय म्हणतील, स्वतःच्या आईला — आणि तो परत भिंतीकडे तोंड करून बसेल. ते मला नाही बघवणार. त्यापेक्षा हे बरं. थोडं थांबू. राहीलही आपोआप.

नाही राहत. वाढतंय.

मला भीती वाटतेय. खरं सांगते तुला, मला फार भीती वाटतेय, आणि मला कुशीवरही वळता येत नाही, वळले तर या सगळ्या वाकतील, आत जातील. हाक मारावी तर बाहेर ऐकू जाईल. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तसं झालंय. हात दे. हो, असाच धर. किती बारीक आहे गं तुझा हात. तुझा खांदा दुखतो ना — खांद्यासाठीच आलीस ना तू? वरच्या बाजूला, मानेच्या नि खांद्याच्या मधे? तेच म्हणाली होतीस मघाशी त्याला. आणि मी तुला बस, बस म्हणत होते.

ऊठ. चप्पल घाल. तुला नाही टोचून घ्यायचं इथे. आज नाही, उद्या नाही. जायचंच झालं तर अशा ठिकाणी जा जिथे आधी तुला दाबून बघतील, विचारतील, आणि उघड्या डोळ्यांनी टोचतील, आणि कुणाची आई दाखवणार नाहीत. समोरून जाऊ नको. त्या पडद्यामागे मागचं दार आहे, कडी वर आहे. बोळातून सरळ गेलीस की कोपऱ्यावर गाड्या उभ्या असतात. एक घेऊन ये, मागच्या दाराशी लाव. चालकाला सांग, म्हाताऱ्या बाईला बरं वाटत नाहीये, मोठ्या दवाखान्यात न्यायचंय. सुयांचं बोलू नको. तिथल्या डॉक्टरांना मी सांगेन — हो, सांगेन, खरं सांगेन, त्यांना नाही लपवणार. शपथ. फक्त इथे नको. पळ. पळताना दाराचा आवाज करू नको.

आलास? नाही, ती मुलगी गेली. मी घालवली तिला. सुया घ्यायला परत नाही यायची, तिला बोलावू नकोस. ऐक. नाही — नाही रे, हलकं नाही वाटत आज. माझ्या सुया काढ. विचारू नको, काढ आधी. बघून काढ, नीट बघून, एकेक. उजवीकडची ती पहिली. हां. कापू देऊ नको हात, तुझा हात कधी कापत नाही. शिंप्याला झालं तेच आहे हे. हो. हो रे, तेच. गाडी येतेय मागे, बायकोला बोलाव, हळूच बोलाव, तिचं ऐकत जा — रडू नको. रडू नको ना राजा. आवाज खाली ठेव, बाहेर माणसं बसलीयेत.